होडी, पाणी आणि प्रतिबिंब : काला अंबच्या सहलीतून एक पाठ



जानेवारीत आपल्या छायाचित्रण छंदवर्गाचे अठरा छात्र आणि आम्ही दोन शिक्षक पानिपतला जाऊन आलो. सहलीचा अहवाल वेगळा छापला जाईलच. हा लेख अहवाल नाही. त्या तीन दिवसांत पाण्याचे फोटो काढताना जे शिकायला मिळाले, ते इथे पाठाच्या रूपात मांडतो आहे. त्यातला पहिला धडा मीच शिकलो, आणि तोही एका नववीतल्या छात्राकडून.

१४ जानेवारीला, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी, आम्ही काला अंबला पोहोचलो. पानिपत शहरापासून सात-आठ किलोमीटरवर हे ठिकाण आहे. १७६१ साली याच तारखेला मराठे आणि अहमदशाह अब्दाली यांच्यात तिसरे युद्ध झाले. इथल्या आंब्याच्या झाडाखाली इतके रक्त सांडले की झाड काळे पडले, अशी आख्यायिका आहे. ते झाड आता नाही. त्या जागी विटांचा खांब आहे, वर लोखंडी सळई आणि भोवती लोखंडी कुंपण. दरवर्षी या दिवशी महाराष्ट्रातून माणसे येतात, माती कपाळाला लावतात. त्या दिवशीही गर्दी होती. खांबाच्या मागे-पुढे माणसेच माणसे, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल.

मी छात्रांना रांगेत उभे करत होतो. एक जण मात्र बाजूला थांबून जमिनीकडे पाहत होता. माळ्याने सकाळी झाडांना पाणी घातले होते, ते वाहून फरशीच्या खोलगट भागात साचले होते. हा मुलगा त्या डबक्याकडे कॅमेरा धरून उभा. मी जरा चढ्या आवाजातच म्हणालो, "इथे कशासाठी आलो आहोत, कळतंय का? रांगेत ये." तो "येस सर" म्हणाला आणि आला.

रात्री मुक्कामाच्या ठिकाणी आम्ही सगळ्यांचे फोटो भिंतीवर पाहिले. सतरा जणांच्या फोटोंत खांब होता आणि खांबाभोवती टोप्या, पिशव्या, पाठी, मोबाइल धरलेले हात. अठराव्याच्या फोटोत खांब होता आणि आकाश होते. बाकी काही नाही. गर्दी गेली कुठे, असे सगळेच विचारू लागले. त्याने संगणकावर काही पुसले असेल अशीही शंका आली. त्याने काहीच पुसले नव्हते. मी त्याची सर्वांसमोर माफी मागितली, आणि तिथून आमचा खरा वर्ग सुरू झाला.

पाण्याखालचा दुसरा कॅमेरा

प्रतिबिंब म्हणजे वस्तूची उलटी नक्कल, असे आपण धरून चालतो. ते अर्धेच खरे आहे. सपाट आरशाचा नियम आठवा. तुमचा कॅमेरा पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर उंच असेल, तर प्रतिबिंबात दिसणारे दृश्य हे पाण्याच्या पातळीखाली दीड मीटरवर असलेल्या कॅमेऱ्याला दिसेल तसे असते. म्हणजे एकाच फोटोत दोन ठिकाणांहून पाहिलेली दोन दृश्ये असतात. एक वरून पाहिलेले, एक खालून पाहिलेले.

आता त्या छात्राचा फोटो समजतो. उभ्याने पाहिले तर खांबामागची गर्दी दिसत होती. पण डबक्यातला "दुसरा कॅमेरा" जमिनीखाली होता. तिथून नजर वर जाते, त्यामुळे खांबाचा वरचा भाग आणि आकाश एवढेच त्याच्या वाट्याला येते. मागे उभी असलेली माणसे त्या नजरेच्या टप्प्यातच येत नाहीत.

होडीच्या बाबतीत तर हे फार उपयोगी आहे. काठावरून आपल्याला होडीची वरची कड आणि आतली बाजू दिसते. तिच्या बाहेरच्या अंगाचा पाण्याकडे वळलेला भाग, त्यावरचे डांबर, ठिगळे, रंगाचे ओघळ हे प्रतिबिंबात दिसते. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ न्याल, तितकी दोन्ही दृश्ये सारखी होत जातात. कॅमेरा जितका उंच, तितका दोन्हींत फरक. म्हणून फोटो काढण्याआधी एकदा उभे राहून, एकदा गुडघ्यावर बसून आणि एकदा पालथे पडून पाहा. पालथे पडायला तुम्हाला शिकवण्याची गरज नाही, फायरिंग रेंजवर ते रोजचेच आहे.

यमुनेवरची सकाळ

दुसऱ्या दिवशी आम्ही दिल्लीत उतरलो आणि १६ तारखेला उजाडण्याआधी काश्मिरी गेटजवळच्या यमुना घाटावर गेलो. थंडीच्या दिवसांत इथे देशभरातले छायाचित्रकार येतात. उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले कुरव पक्षी शेकड्यांनी असतात, रंगवलेल्या लाकडी होड्या बांधलेल्या असतात, आणि घाट पश्चिम तीरावर असल्याने सूर्य समोरच्या काठावरून, पाण्यापलीकडून उगवतो. धुके असेल तर होड्या आणि त्यांची प्रतिबिंबे यांच्यामध्ये पाण्याची रेघही दिसत नाही. होडी हवेत तरंगते आहे असे वाटते.

एका वयस्क नावाड्याला विचारून आम्ही पाच-पाच जण आळीपाळीने नावेत बसलो, जीवरक्षक जाकीट घालूनच. दोन गोष्टी तुम्हीही पाळा. होडीवर माणूस असेल तर आधी विचारा, मग कॅमेरा उचला. आणि कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात असू द्या. नावेत वाकताना दोन्ही हात कॅमेऱ्याला लागतात आणि तोल जातो.

त्या सकाळी आम्ही ज्या चुका केल्या आणि दुरुस्त केल्या, त्यांवरून हे नियम निघाले.

पहिला, प्रकाशाचा. प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा नेहमी काळोखे असते, कारण पाणी सगळा प्रकाश परत पाठवत नाही. सरळ खाली पाहिले तर पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परावर्तित करते. नजर जितकी पाण्याला समांतर, तितके हे प्रमाण वाढत जाते. म्हणून दूरचे पाणी आरशासारखे आणि पायाजवळचे गढूळ दिसते. प्रतिबिंब उजळ करायच्या नादात एक्स्पोजर वाढवाल, तर आकाश पांढरे फटक पडेल. ही अडचण जुनी आहे. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढले, तेव्हा आकाश आणि पाणी एका काचेवर नीट उतरत नसे. त्याने काही चित्रांसाठी दोन वेगळ्या निगेटिव्ह घेऊन एक छाप तयार केली. आज मोबाइल हेच काम आपोआप करतो आणि कधी कधी जास्तच करतो. प्रतिबिंब आकाशाइतके उजळ दिसू लागले, की चित्र खोटे वाटते. उजळ भागासाठी एक्स्पोजर ठेवा, प्रतिबिंब थोडे काळोखे राहू द्या.

दुसरा, फोकसचा. प्रतिबिंब पाण्याच्या पृष्ठभागावर चिकटवलेले नसते. होडी तुमच्यापासून दहा मीटरवर असेल, तर तिचे प्रतिबिंबही जवळपास तितक्याच अंतरावर असते. फोकस पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर धराल, तर पान स्पष्ट आणि प्रतिबिंब धूसर येईल. काय हवे ते आधी ठरवा.

तिसरा, शटरचा. १/५०० सेकंदाला प्रत्येक लाट गोठते आणि प्रतिबिंबाचे तुकडे होतात. अर्धा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ शटर उघडे ठेवले, तर लाटा पुसल्या जाऊन पाणी रेशमासारखे दिसते. त्यासाठी ट्रायपॉड हवा. पण बांधलेली होडीही हलत असते, हे आम्ही विसरलो. पाणी छान आले, होड्या मात्र हलल्या. होडी असेल तेव्हा वारा पडण्याची वाट पाहणे हाच उपाय. ती वेळ बहुधा सूर्योदयाच्या आसपास असते. पी.टी.साठी उठणाऱ्यांना ती सहज साधेल.

चौथा, पोलरायझर फिल्टरचा. भिंगासमोर लावून फिरवायची ही काच पाण्यावरची चमक कमी करते. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन करून पाहिले, तर हा परिणाम सर्वांत जास्त असतो. काच एका बाजूला फिरवली की प्रतिबिंब जवळजवळ नाहीसे होते, दुसऱ्या बाजूला फिरवली की परत येते. नवा फिल्टर मिळाला की तो पूर्ण फिरवून टाकायचा मोह होतो. प्रतिबिंबाचाच फोटो काढायचा असेल तर तो मोह आवरा.

पाचवा, क्षितिजाचा. पाणी कधीच तिरपे नसते. चित्रात तिरपे दिसले तर चूक तुमची. परेडमध्ये रांग सरळ करता, तशी ही रेघही सरळ करा.

याला कला कधी म्हणायचे?

होडी आणि सूर्योदय हे फोटो दिनदर्शिकेवर पुष्कळ असतात. मग कलाचित्र वेगळे कसे? १८८६ साली पी. एच. इमर्सन या डॉक्टरने टी. एफ. गुडॉल या चित्रकाराबरोबर इंग्लंडमधल्या नॉरफोक ब्रॉड्स या पाणथळ प्रदेशावर छायाचित्रांचे पुस्तक काढले. त्यात होड्या आहेत, बोरू कापणारे लोक आहेत, संथ पाणी आहे. छायाचित्र ही स्वतंत्र कला आहे, असे आग्रहाने मांडणाऱ्या आरंभीच्या लोकांत त्याचे नाव घेतात. त्याच्या चित्रांकडे पाहिले की एक गोष्ट कळते. हा माणूस त्या पाण्यावर राहिलेला आहे. पाहुण्यासारखा एक सकाळ येऊन गेलेला नाही. आँरी कार्तिए-ब्रेसाँचे १९३२ चे पॅरिसमधले प्रसिद्ध चित्र तर साचलेल्या पाण्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचे आहे. ना नदी, ना होडी. डबके पुरले.

माझ्या मते फरक निर्णयात आहे. हेच का, इथूनच का, याच क्षणी का, चौकटीबाहेर काय ठेवले आणि का ठेवले, याची उत्तरे छायाचित्रकाराकडे असतील, तर ते चित्र कलेच्या वाटेवर आहे. आणि इथेच आमच्या त्या डबक्याच्या छात्राने मला दुसऱ्यांदा अडवले.

"सर, हे खोटं नाही का?"

घाटावर फोटो सुंदर येत होते. निळसर धुके, केशरी प्रकाश, काळ्या पाण्यात होडीचे जसेच्या तसे प्रतिबिंब. पण त्या पाण्याला वास येत होता. काठाला निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या, द्रोण, फेस. पाणी काळे होते म्हणूनच प्रतिबिंब इतके ठसठशीत होते, कारण काळ्या पाण्यातून खालचा प्रकाश वर येत नाही. नदी जितकी बिघडलेली, तितके चित्र देखणे. तो मुलगा कॅमेरा खाली ठेवून म्हणाला, "सर, घरी दाखवीन तेव्हा सगळे म्हणतील, किती छान नदी आहे. हे खोटं नाही का?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. नावाडी आमचे बोलणे ऐकत होता, त्याला मराठी कळत नव्हते, पण मुलगा पाण्याकडे बोट दाखवत होता एवढे कळले. आपल्या हातातला बांबू पाण्यात खुपसून तो म्हणाला, "पानी को आँख से नहीं, बाँस से नापते हैं।"

त्या वाक्याने मला आदल्या दिवशीचा इतिहास आठवला. पानिपतची मोहीम ही जितकी तलवारीची, तितकीच या यमुनेची गोष्ट आहे. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले ते बुराडी घाटावर, आम्ही होतो तिथून थोडे वरच्या अंगाला, याच नदीच्या पात्रात. त्यांचे अखेरचे म्हणून सांगितले जाणारे शब्द तुम्हा सर्वांना पाठ आहेत. पुढे पावसाळाभर भरलेल्या नदीच्या एका तीरावर मराठे आणि दुसऱ्या तीरावर अब्दाली. भाऊसाहेबांनी ऑक्टोबरात यमुनाकाठचे कुंजपुरा जिंकले. पण त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ उतार शोधून नदी ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता अडवला. त्यानंतरचे अडीच महिने आणि १४ जानेवारी आपण जाणतोच. नदी पार होण्यासारखी नाही, असे वरून दिसणारे पाणी सांगत होते. उतार कुठे आहे हे ज्याने पाण्यात शिरून पाहिले, त्याने पुढची चाल केली.

मुलांना मी एवढेच सांगितले : पाणी आकाश दाखवते तेव्हा आपला तळ झाकते. प्रतिबिंब खोटे नसते, ते अपुरे असते. ते दाखवायचे असेल तर दाखवा, पण खाली काय आहे हे तुम्हाला माहीत हवे, आणि ते लपवायचे की सांगायचे हा निर्णय तुमचा असायला हवा.

मग आम्ही पोलरायझर काढला. त्या छात्राने एकाच जागेवरून, एकाच होडीचे दोन फोटो घेतले. पहिल्यात काच अशी फिरवली की होडी, आकाश आणि त्यांचे पूर्ण प्रतिबिंब यावे. दुसऱ्यासाठी जवळच्या पाण्याकडे कॅमेरा थोडा झुकवला आणि काच उलट फिरवली. आकाश पुसले गेले. होडीच्या कडेला लागलेले कुजके हार, थर्माकोलचे तुकडे आणि मातकट काळे पाणी वर आले. दोन्ही फोटो खरे. मध्ये फक्त काचेचा पाव फेरा.

पालक दिनाच्या प्रदर्शनात कोणता लावायचा यावर शिक्षक-खोलीत चर्चा झाली. काहींचे म्हणणे पडले की पाहुण्यांसमोर घाण कशाला. त्यांचा मुद्दा मी समजू शकतो, प्रदर्शन सुंदर दिसावे असे कुणाला वाटत नाही? शेवटी दोन्ही फोटो एकाच मापात छापून शेजारी शेजारी लावले, खाली फक्त ठिकाण आणि तारीख. पलीकडच्या भिंतीवर काला अंबचा डबक्यातला खांब. एका छात्राचे वडील, माजी सैनिक, त्या दोन चित्रांपुढे बराच वेळ उभे होते. त्यांनी मला विचारले, "सर, दोन्ही एकाच जागेचे?" मी हो म्हणालो. ते परत वळून पहिल्या चित्राकडे पाहू लागले. दुसरे पाहिल्यावर पहिले चित्र त्यांना आधीसारखे दिसत नव्हते, एवढे माझ्या लक्षात आले. मला तेवढे पुरे होते.

सुट्टीत करायचा सराव

महागडा कॅमेरा लागणार नाही. पालकांच्या मोबाइलवरही हे जमते.

१. गच्चीवर परातीत पाणी भरा, कागदाची होडी सोडा. उभ्याने, बसून आणि परातीच्या कडेशी मोबाइल टेकवून असे तीन फोटो घ्या. होडीचा खालचा भाग कोणत्या फोटोत जास्त दिसतो, ते लिहा.

२. त्याच परातीत थोडी काळी शाई घाला. प्रतिबिंबात काय फरक पडला आणि का, ते चार ओळींत लिहा.

३. गावाजवळचे पाणी निवडा. नाशिकला गोदावरी, वाईला कृष्णेचा घाट, कोल्हापुरात रंकाळा, मालवणला बंदर, नाहीतर शेतातले तळे. घरच्या मोठ्या माणसाला सोबत घेऊन चार दिवस एकाच वेळी, एकाच जागेवरून एकच फोटो घ्या. वारा आणि ढग यांची नोंद ठेवा.

४. त्याच जागेचा एक फोटो प्रतिबिंबासह आणि एक सरळ खाली पाहून, पाण्याचाच, असे दोन घ्या. दोन्हींखाली ठिकाण आणि तारीख घाला. याशिवाय काही लिहू नका.

५. तिथे रोज असणाऱ्या माणसाला, म्हणजे नावाडी, कोळी, धोबी, गुराखी यांपैकी कुणाला तरी, पाणी किती खोल आहे आणि हे त्यांना कसे कळते, ते विचारा. उत्तर वहीत उतरवून आणा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या तासाला फोटो आणि वही दोन्ही घेऊन या. वहीशिवाय आलेले फोटो मी पाहणार नाही. आणि त्या तासाला कुणी डबक्यापाशी रेंगाळलेला दिसलाच, तर या वेळी मी आधी त्याला काय दिसते आहे ते विचारीन.